घड्याळाच्या हिशोबात मी दिवसभर निजलेला

पोरीची माय गेली तेव्हापासून पोरगी अकोल्याहून रोज फोन करते. मी घरात नुसता पडून राहतो, असं तिच्या डोक्यात बसलं. मागं आली तेव्हा तिनं एक घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. म्हणे, "दिवसभरात किती कॅलरी जाळल्या ते यात दिसते, बाबा. मले तिकडं मोबाइलवर समजते. पडून राहिले ना, तर सरळ अकोल्याले घेऊन जाईन."

अकोला वाईट नाही. पण वलगावात माझी मेथी आहे, वांगी आहेत. अकोल्यात तिच्या वरच्या माळ्यावर बसून मी काय पंख्याचं फिरणं पाहू?

घड्याळाले आधी वय लागते, वजन लागते. वय आधार कार्डावरचं टाकलं. ते शाळेतल्या मास्तरनं अंदाजानं लिहिलेलं, त्याच अंदाजावर जिंदगी गेली. वजनासाठी भाजीच्या अडत्याच्या काट्यावर उभा राहिलो. अडत्या म्हणाला, "भाऊ, बारदान धरून सांगू का सोडून?"

अमरावतीच्या बाजारात गेलो त्या दिवशी मी पोत्यावर बसून होतो. मेथीच्या जुड्या बांधल्या, पालकावर पाणी शिंपडलं, गाय हाकलली, चहा पेला. संध्याकाळी पोरीचा फोन. "वा बाबा, आज लयच मेहनत केली तुमी."

दुसऱ्या दिवशी वाफ्यात उकिडवं बसून निंदण केलं. मंग डोक्यावर टोपलं, दोन्ही हात टोपल्याले, असा बांधापर्यंत किती खेपा मारल्या. गुडघे बोलायले लागले. संध्याकाळी फोन.

"आज पडूनच होते ना तुमी?"

"निंदत होतो बाई."

"घड्याळ खोटं सांगते का मंग?"

"तुहा बाप मी हाव का घड्याळ?"

तिनं फोन ठेवला. त्याच रविवारी रिकामी बॅग घेऊन हजर झाली. माझे कपडे भरायले.

मी घड्याळ काढलं अन् तिच्या हातात बांधलं. "चाल. एक दिवस कर माह्यासंग. मंग भर कपडे."

पोरगी याच वाफ्यांत मोठी झालेली, खुरपं विसरली नव्हती. दुपारपर्यंत निंदली, टोपली वाहिली. निंबाखाली बसून पाणी पेली अन् घड्याळ पाहिलं. मंग परत पाहिलं.

"हे तर म्हणते मी काहीच नाही केलं."

"मंग तुले कोण नेते अकोल्याले?"

ती हसली. माय गेल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिलं तिले. मंग तिनंच समजावलं. हे घड्याळ म्हणे हाताचा झोका पाहते, नाडी पाहते, बाकी अंदाज. हात हालवत रस्त्यानं चालणाऱ्याचा अंदाज जरासा जमते. बसून निंदणाऱ्याचा नाही जमत, अन् जुड्या बांधणाऱ्याचा उगाच वाढवून सांगते. एवढं समजलं अन् मले वाटलं, चला, सुटलो.

पण मंग ती सैपाकघरात गेली. टोपलीत कालची भाकर तशीच होती, परवाचीही होती.

"संध्याकाळी जेवत नाही ना तुमी?"

"नाही."

"काहून?"

"तुही माय वाढत होती म्हणून जेवत होतो. एकट्याच्या ताटाले हात जात नाही."

तिनं पिठाचा डबा उघडला. मंग पीठ मळायले घेतलं. आमी दोघं जेवलो. सकाळी तिनं बॅगेत मेथी अन् वांगी भरली. माझे कपडे खुंटीवरच राहिले. बसमध्ये चढताना म्हणे, "जाळलं किती ते मी नाही विचारणार आता. पोटात किती गेलं ते विचारीन."

तेव्हापासून संध्याकाळी तिचा फोन येते, तो चेहरा दिसणारा. मी मोबाइल पाण्याच्या गडव्याले टेकवून ठेवतो. तिकडं तिचंही ताट समोर असते.

"भाजी कोणती?"

"वांगंच."

"कालही वांगंच होतं."

"वांगीच पिकली, त्याले मी काय करू."

"बरं. मोडा भाकर, बाबा. मी थांबली हाव."

मी मोडतो. मंग ती आपला घास घेते.