लिफ्टने वर गेलेलं पाणी

गाळाला खाली बस म्हणून सांगावं लागत नाही. पाणी जरा शांत झालं की तो आपोआप टाकीच्या तळाशी जमतो. आमच्या बेसमेंटमधल्या गोष्टींचंही तसंच आहे. कोणी जमवल्या नाहीत, नुसत्या साचल्या!

परळला जुन्या गिरणीच्या जागेवर एक टॉवर आहे आणि त्याच्या पायाशी जुन्या भाडेकरूंची पुनर्वसन इमारत. दोन्हीकडचं सांडपाणी टॉवरच्या दुसऱ्या बेसमेंटमधल्या आमच्या प्लांटमध्ये येतं आणि स्वच्छ होऊन बाहेर पडतं. मी तिथली इंजिनिअर, सावंतकाका ऑपरेटर आणि कांबळे मेकॅनिक. माझी मागणी एकच होती: हे स्वच्छ पाणी टॉवरच्या बागेला घ्या! पण बागेला टँकर यायचा आणि आमचं पाणी सरळ गटारात जायचं. एवढं शिकून मी गटार भरत होते.

*

नोकरी लागली तेव्हा घोडपदेवला आमच्या चाळीत आईने पेढे वाटले.

"टॉवरमध्ये? कितव्या मजल्यावर गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"दुसऱ्या," आई म्हणाली.

जमिनीच्या वर की खाली, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

*

वासाची तक्रार आमच्याकडे रोजची. एकदा तिसाव्या मजल्यावरून फोन आला, "तुमच्या प्लांटचा वास थेट किचनमध्ये येतोय!" मी आणि सावंतकाका वर गेलो. काका वास घेत घेत फ्रिजपाशी थांबले. आत चीज होतं. फ्रान्सहून आणलेलं.

"ते महाग आहे," बाई म्हणाल्या.

"असेल," काका म्हणाले. "पण आमच्या टाकीला असा वास आला ना बाय, तर आम्ही लगेच आत सोडलेली हवा वाढवतो!"

*

कॉलेजची मुलं प्लांट बघायला आली. उत्साहाने टाक्यांचे फोटो काढले, पाणी वाचवण्यावर भाषणंही ठोकली. मग चहा आला आणि एकाचाही हात पुढे होईना.

कांबळे म्हणाला, "घ्या रे, बाहेरच्या टपरीवरचा आहे!"

मिनिटात पेले रिकामे. कांबळे माझ्या कानाशी लागला, "टपरीवाला पाणी कुठून भरतो, ते नाही विचारलं कोणी!"

*

पाणी साफ करण्याचं खरं काम टाकीतले जिवाणू करतात. सांडपाणी हेच त्यांचं जेवण. गणपतीत पुनर्वसन इमारत कोकणात जाते, टॉवरवाले परदेशात, आणि आमचे जिवाणू उपाशी! मग त्यांना गूळ घालायचा. मी ढेप घेऊन निघाले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, नैवेद्य?"

म्हटलं, "हो. फक्त देव जरा बारीक आहेत."

सावंतकाका स्वतः गावाला गेले होते. दुपारी मालवणहून फोन आला.

"बाप्पाचो निवेद झालो गो. तुझी पोरां जेवली काय?"

*

बागेच्या पाण्याच्या मागणीला 'बघू, पुढच्या मीटिंगला' हे उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं होतं. शेवटी मीच कांबळेला घेऊन सोसायटीच्या मीटिंगमध्ये घुसले. टेबलावर दोन ग्लास ठेवले, एक आमच्या पाण्याचा, एक टँकरचा. सेक्रेटरी साहेबांनी गढूळ ग्लासाकडे बोट दाखवलं.

"हे तुमचं!"

"नाही सर, हा टँकर."

साहेब सावरून म्हणाले, "मॅडम, पाणी स्वच्छ असेल हो. पण ते आलंय कुठून, हे महत्त्वाचं!"

मागणी नामंजूर. खाली येताना कांबळे हसत होता.

मी चिडले, "हसतोस काय रे?"

"काही नाही. हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या ऐकतायत. आज पहिल्यांदा खुद्द पाण्याला ऐकवलं कोणी!"

*

प्लांटमध्ये कांबळेने काचेच्या पेटीत मासे पाळले होते, आमच्याच साफ केलेल्या पाण्यात. पाणी चांगलं आहे याची ती त्याची जिवंत खूण. एकदा सेक्रेटरी साहेब नातीला घेऊन आले, नेहमीसारखा नाकाला रुमाल लावून. नात पेटीपासून हलेना. साहेब म्हणाले, "एवढे सुंदर मासे इथे कशाला? लॉबीत ठेवा!"

कांबळे म्हणाला, "मग पाणीही हेच न्या साहेब. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, माशांना झेपणार नाही."

"छे! लॉबीत हे पाणी? नळाचं ताजं भरा."

पेटी लॉबीत गेली, पाणी नळाचं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः बेसमेंटमध्ये आले. हातात बादली होती, रुमाल नव्हता.

"मॅडम, लवकर! मासे तोंड वर काढून तडफडतायत. नात रडतेय. ते... तुमचं पाणी द्या."

मी बादली भरली. कांबळेने ती उचलली आणि सवयीने रॅम्पकडे वळला. आम्हाला रहिवाशांची लिफ्ट बंद!

"अरे, रॅम्पने कुठे? लिफ्टने चल!" साहेब ओरडले.

लिफ्टपाशी वॉचमन आडवा आला. "साहेब, प्लांटचं पाणी इथून न्यायचं नाही. तुमचीच ऑर्डर आहे."

"जाऊ दे रे त्याला! एकदम स्वच्छ पाणी आहे!"

कांबळेने बादली शांतपणे खाली ठेवली.

"ते आलंय कुठून, हे सांगू का त्याला, साहेब?"