वसतिगृहासमोरच्या बादल्या

हसायचं तर हसा, पण चहाचा कप खाली ठेवून. इतकी वर्षं पत्रकारिता केली, भल्याभल्यांना जाब विचारला, आणि आपटलो कुठे? मुलींच्या शाळेच्या अंगणात!

जालन्याबाहेर एक खासगी शाळा आहे, फक्त मुलींची. काही मुली रोज घरून येतात, काही तिथंच वसतिगृहात राहतात. माझी भाची अश्विनी तिथंच राहून नववीत शिकते. हसनाबादच्या आमच्या दाजींनी पोरीला बाहेर ठेवायला हो म्हणावं म्हणून बहिणीनं आणि मी वर्षभर डोकेफोड केली होती.

थंडीतला रविवार. तिला भेटायला गेलो, तर वसतिगृहासमोर बादल्यांची ही लांब रांग! प्रत्येक बादली भरलेली, प्रत्येकीवर मुलीचं नाव. आता तुम्हीच सांगा, आपल्या जिल्ह्यात हे दृश्य दिसलं की माणूस काय समजेल? पाणीटंचाई! माणशी एक बादली!

रेक्टरबाईंना गाठलं. "पाणी पुरतं का, बाई?"

"भरपूर आहे की!"

बास! टंचाई आहे असं कुठली शाळा कबूल करते? नकार मिळाला म्हणजे बातमी पक्की.

तेवढ्यात अश्विनी आली. "मामा, जल्दी बोला, मला डोकं धुवायचंय."

पोर पाणी संपायच्या आत पळतेय, बिचारी! माझं रक्त उसळलं. सोमवारी फोटोसकट बातमी छापून आली: 'फी भरमसाट, पाणी बादलीभर!'

सकाळीच बहिणीचा फोन. "दादा, हे जीप घेऊन निघाले. पोरीला काढून आणतो म्हणाले. तिची शाळा सुटली रे!"

मी धावत पोचलो. दाजींच्या हातात पेटी, आणि पेटीचं दुसरं टोक धरून अश्विनी रडतेय.

"दाजी, थांबा! मी या लोकांना सरळ करतो."

"मंग तुम्ही लिहिलं ते खोटं का?"

"बिलकुल खरं! पोरीला एक बादली मिळते!"

अश्विनीनं पेटी सोडली आणि माझ्याकडे वळली. "कोण म्हणलं, मामा? थंडीत डोकं धुवायला आम्ही पाणी उन्हात तापत ठेवतो! बादल्यांची अदलाबदल होऊन भांडणं होतात, म्हणून नावं!"

दाजींनी पेटी खाली ठेवली. शेजारचा नळ त्यांनी पूर्ण सोडला. पाणी असं सुसाट आलं की माझे बूट भिजले. मग दुसरा नळ. मग तिसरा. मी आपला तिथंच, ओल्या बुटांत.

"शाळा बराबर हाये," ते शेवटी म्हणाले. "पोरगी इथंच राहील."

माझा जीव भांड्यात पडला. दाजींनी पेटी अश्विनीच्या हाती दिली, जीपमध्ये बसले आणि गावच्या पेपरवाल्याला फोन लावला.

"उद्यापासून आमच्याकडं पेपर टाकू नको. न्हाई रे बाबा, तुझी काही चूक न्हाई. त्यात आमचा मेव्हणा लिहून राह्यला!"