द्राक्षांचा पडदा आणि मशीनचा पाइप

पडद्याचं काम मामांनी मला सांगितलं, कारण मी सायन्सला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सायन्समध्ये नेमकं काय शिकवतात याबद्दल घरच्यांच्या मनात काही शंका नव्हती. सगळंच शिकवतात. मिक्सर बंद पडला की मला हाक यायची. गावाकडे म्हशीने चारा सोडला तरी आई मला फोन करायची. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि कॉलेजची प्रयोगशाळा एकदाच, बाहेरून, खिडकीच्या जाळीतून पाहिली होती. मग साथ आली आणि ती खिडकीही बंद झाली.

आमचं गाव सावनेरच्या पुढे आहे. तिथे मोबाइलला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. टाकीवर बसून मोबाइलवरचे वर्ग कसे करणार, म्हणून बाबा म्हणाले, नागपूरलाच राहा. मी नंदनवनला मामा-मामींकडे राहिले.

मामांची टॅक्सी होती. साथ आल्यावर गाडी दारात उभी राहिली, आणि काही आठवड्यांनी मामा तिच्यातून कांदे विकू लागले. मागच्या सीटवर कांदे, डिकीत कांदे. पण मामांना विकणं जमत नव्हतं. त्यांना बोलणं जमायचं. पाव किलो कांदे घ्यायला आलेला माणूस तासभर दारात उभा राहायचा आणि शेवटी कांदे विसरून घरी जायचा.

"काहो, कांदे विकून राहिले का सभा भरवून राहिले?" मामी आतून विचारायच्या.

मामा हसण्यावारी न्यायचे. पण गल्लीतली पोरं त्यांना 'कांदेवाले काका' म्हणू लागली, ते मात्र त्यांना लागलं. इतकी वर्षं ते 'गाडीवाले काका' होते. ते संध्याकाळी रिकाम्या गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसायचे. मी ते खिडकीतून पाहायचे.

अशात त्यांना कळलं की एका ऑफिसला माणसं ने-आण करायला टॅक्सी हव्या आहेत. रोजची ड्यूटी होती. मामांना कळलेली अट एकच होती, ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्यामध्ये आरपार दिसणारा पडदा पाहिजे. ऑफिसातल्या एक मॅडम स्वतः गाडीत बसून, एक फेरी मारून, पास-नापास ठरवणार होत्या.

"तू सायन्सवाली हाय," मामा मला म्हणाले. "पडदा आपण दोघं लावू."

मी मान हलवली. नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही.

महाल भागातल्या एका अर्ध्या उघड्या शटरच्या दुकानात प्लास्टिक मिळालं. पण साधं जाड प्लास्टिक संपलं होतं. सगळं शहर पडदे लावत होतं. उरलं होतं ते जेवणाच्या टेबलावर अंथरायचं. त्याला कडेने सोनेरी लेस होती आणि जागोजागी द्राक्षांचे जांभळे घड छापलेले होते.

"द्राक्षं तर द्राक्षं," मामा म्हणाले. "आरपार दिसते नं?"

द्राक्षं सोडून बाकी ठिकाणी दिसत होतं.

पडदा आम्ही आधी चिकटपट्टीने छताला चिकटवला. सकाळी छान बसला. दुपारी बघतो तर नागपूरच्या उन्हात गोंद वितळलेला आणि पडदा मागच्या सीटवर आडवा झोपलेला. दुसऱ्या दिवशी दुप्पट पट्टी लावली. पडदा दुप्पट पट्टीसकट झोपला. शेवटी मामींनी तो ओढून घरात नेला, शिलाई मशीनवर वरच्या कडेला परकरासारखा नेफा शिवला, त्यात नाडी ओवली आणि नाडीची टोकं दोन्हीकडच्या सीटबेल्टच्या वरच्या हुकांना बांधून दिली. इतकं झाल्यावर त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "आता गाडीचं लग्न लावून द्या."

पहिल्या चाचणीला मी मागे बसले. मामांनी एसी लावला, गाडी निघाली, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत मला कळलं की सगळी थंड हवा पडद्याच्या पुढेच थांबते आहे. मामा तिकडे गारेगार बसून गुणगुणत होते. मी इकडे पापडासारखी वाळत होते. मी हाका मारल्या. मामांना माझं ऐकू येत नव्हतं, मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. मामा मात्र पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलत होते.

घरी आल्यावर मी सांगितलं, "मामा, मागे हवा नाही येऊन राहिली."

"काहून?"

"पडद्यानं अडवली."

"मग सायन्स काय म्हणते?"

सायन्सने याबद्दल मला तोवर काही सांगितलं नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, "हवा कशातून तरी मागे न्यावी लागंल."

एवढंच म्हटलं. मी वर्ग करून बाहेर आले तोवर मामांनी पडद्याला एका घडाच्या खाली भोक पाडलं होतं. त्या भोकातून कपडे धुण्याच्या मशीनचा पाणी सोडायचा करडा पाइप गेला होता, आणि पाइपाच्या पुढच्या टोकाला तेल ओतायचं नरसाळं बसवून ते डॅशबोर्डवर, एसीच्या जाळीसमोर बांधलं होतं. जाळीतली हवा नरसाळ्यात, नरसाळ्यातली पाइपात आणि पाइपातली मागे. मी मागे बसून पाहिलं. हवा खरंच येत होती. थोडी येत होती, पण येत होती.

तेव्हाच मला एक गोष्ट खटकली. बोलू की नको, असं करत करत मी बोलले.

"मामा, पण पुढची हवा मागे गेली, तर मग पडदा कायले लावला?"

मामांनी नरसाळ्याची गाठ आणखी एकदा आवळली.

"पडदा नियमासाठी," ते म्हणाले. "पाइप माणसासाठी."

 कितीतरी दिवसांनी मामा हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी मशीन लावलं. थोड्या वेळाने साबणाचं पाणी न्हाणीतून स्वयंपाकघरात आलं आणि तिथून माझ्या वह्यांपर्यंत आलं.

"काहो! माह्या मशीनचा पाइप कुठी हाय?"

"ड्यूटीवर हाय," मामा अंगणातून म्हणाले.

"पाइपाले ड्यूटी लागली! तुम्हाले कधी लागते? अन् माहं नरसाळं?"

"तेही संगच हाय."

"काही वाया गेलं नं, तर कांदे तुम्ही अन् भाची दोघं मिळून विकजा," मामी म्हणाल्या. पण पाइप त्यांनी परत मागितला नाही. मामा फेरीसाठी निघाले तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलेला होता.

मलाही बरोबर न्यायचं ठरलं. पुढच्या सीटवर बसायला बंदी होती, म्हणून मी मागे, मॅडमच्या बाजूला. "त्यांनी सायन्सचं काही विचारलं तर सांगजो," मामा म्हणाले. मी रस्ताभर देवाला सांगत होते, त्यांनी काही विचारू नये.

ऑफिसच्या फाटकाशी मॅडम उभ्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, तोंडावर मास्क, हातात ताप मोजायची बंदूक. बंदूक मामांच्या कपाळाला धरली तर ती लालच झाली. मामा घाबरले. मॅडमनी त्यांना कडुलिंबाच्या सावलीत उभं केलं, मामा थंड झाले आणि निदान तापात तरी पास झाले.

मॅडम गाडीत बसल्या. पडद्यावरून बोट फिरवलं.

"ही द्राक्षं?"

"ती आधीपासूनच होती, मॅडम," मी शक्य तेवढ्या पुस्तकी मराठीत म्हणाले.

"आणि ही नळी?"

"तिच्यातून हवा येते, मॅडम."

मॅडमनी पाइप उचलून आत डोकावून पाहिलं. सोडला की तो वळून परत त्यांच्याच तोंडासमोर यायचा, म्हणून त्यांनी तो मांडीवर धरून ठेवला. मामांनी एसी लावला. पाइपातून शेंगदाण्याच्या तेलाच्या आणि साबणाच्या वासाची गार झुळूक आली. मॅडमनी मास्क नाकावर आणखी वर ओढला.

पहिला सिग्नल लागला. मामांची जुनी सवय, सिग्नलला गाडी बंद करायची. एसी थांबला. गाडीत एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत, मॅडमच्या मांडीवरून मामांचा आवाज आला.

"बाप्पा, बाई लय कडक दिसून राहिली."

डॅशबोर्डवर मामांचा छोटा गणपती आहे. मामा दर सिग्नलला त्याच्याशी दोन शब्द बोलतात. नरसाळं त्यांनी बरोबर त्याच्या शेजारी बांधलं होतं. पाइपातून आवाजही मागे येतो हे चाचणीच्या वेळी आम्हाला कळलं नाही, कारण तेव्हा सिग्नल लागेल एवढं लांब आम्ही गेलोच नव्हतो.

मी आरशात पाहून हात हलवला. बोलू नका, बोलू नका, असा. आरशात माझ्या हातावर द्राक्षांचा घड आला असणार. मामांना वाटलं, मागे सगळं छान चाललं आहे. त्यांनी मला अंगठा दाखवला.

हिरवा लागला. एसी सुरू झाला.  पुढचे सगळे सिग्नल हिरवे मिळू दे, असं मी मनात म्हणत होते. पुढचाच लाल मिळाला. तो लांबलचक होता.

गाडी बंद झाली. मॅडमनी शांतपणे पाइप उचलला आणि फोनसारखा कानाला लावला. मला तरीही ऐकू येत होतं.

"बाप्पा, पास करून राहिली का नापास, काही समजून नाही राहिलं. तोंड तर झाकलेलं हाय. तू पाहून घे. माह्याकडून कांदे विकणं होत नाही. मी गाडीवाला माणूस हाय. मले गाडी चालवू दे, बस. अन् त्या बाईले तेवढा घाम येऊ देऊ नको."

मॅडमनी पाइप कानावरून काढला.  मग तोंडासमोर धरला.

"घाम येतोय," त्या म्हणाल्या. "एसी का बंद केला?"

पुढे मामा हलले नाहीत. त्यांनी हळूच गणपतीकडे पाहिलं. मग आपल्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग हात जोडले.

"पेट्रोल वाचवतो, बाप्पा," ते म्हणाले.

"आणि खरं तर नियमात एसी लावायचाच नाही. काचा खाली ठेवायच्या. वाचला नाही का नियम?"

"याले नियमही पाठ हाय!" मामा स्वतःशीच म्हणाले, पण पाइपातून ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं.

सिग्नल हिरवा झाला होता. मागून हॉर्न वाजू लागले. मामा हात जोडूनच बसले होते. मला राहवलं नाही. मी पडद्यावर हाताने जोरात थापट्या मारल्या. "मामा! मामा, त्या मॅडम हायत!" नाडीची एका बाजूची गाठ सुटली आणि मामींचा नेफा, सोनेरी लेस, द्राक्षं सगळं मिळून मॅडमच्या डोक्यावर आलं.

मामांनी मागे वळून पाहिलं. मधे आता काहीच नव्हतं. द्राक्षांच्या खालून मॅडम त्यांच्याकडे पाहत होत्या, हातात पाइप तसाच.

"तुम्ही बोलून राहिल्या होत्या?"

"मीच."

"मले वाटलं..."

"कळलं मला तुम्हाला काय वाटलं. गाडी बाजूला घ्या, लोक शिव्या देतायत."

मामांनी गाडी बाजूला घेतली आणि मान खाली घालून बसले. मला रडू येत होतं, कारण गाठ मीच ओढली होती. मॅडमनी प्लास्टिक डोक्यावरून काढलं, केस नीट केले आणि पडद्याची नाडी हातात घेऊन निरखत राहिल्या.

"हे शिवलंय कोणी?"

"आमच्या घरच्यांनी," मामा म्हणाले.

"शिवण पक्की आहे. गाठ कच्ची आहे." मग त्या बोलू लागल्या आणि त्यांचा आवाज मधेच हलायला लागला. मास्कच्या आत त्या हसत होत्या हे मला तेव्हा समजलं. "गाठ नीट बांधा. नळी काढा, भोक बंद करा. एसी नाही, काचा उघड्या. आणि सिग्नलला बाप्पाशी मनात बोलायचं."

"मनातलं त्याले ऐकू जाते का, मॅडम?"

"जातं. सोमवारी सकाळी या."

मामांना ते पटकन कळलंच नाही. मी म्हटलं, "मामा, पास झालो." मग त्यांनी गणपतीकडे पाहिलं, पण मॅडमसमोर काही बोलले नाहीत. मनातच बोलले असावेत.

सोमवारपासून मामा ड्यूटीवर जाऊ लागले. उघड्या काचांमधून गरम वारा यायचा आणि पडदा शिडासारखा फडफडायचा. मागच्या माणसांचं पुढे काही ऐकू जायचं नाही. दिवसभराचं बोलणं मामांच्या पोटात साठायचं. त्यात, बाहेरची माणसं गाडीत बसतात म्हणून मामींनी मामांचं अंथरूण समोरच्या खोलीत टाकलं आणि मधलं दार लावून घेतलं. ताट दारात ठेवायच्या आणि मागे सरकायच्या.

तिसऱ्या संध्याकाळी समोरच्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून एक करडा पाइप स्वयंपाकघरात आला. त्या खोलीची एक खिडकी तिथेच उघडते. पलीकडे नरसाळं होतं आणि नरसाळ्याला मामा.

"आवाज येऊन राहिला का?" पाइपाने विचारलं.

मामींनी पोळी तव्यावर टाकली, पाइप कानाला लावला आणि ऐकत राहिल्या. एक पोळी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी पाइप माझ्या हातात दिला.

"धुण्याच्या दिवशी मले वापस पाहिजे," त्या म्हणाल्या. "तोवर तू पकड. अधूनमधून हो म्हण त्याईले."

माझ्या मांडीवर भौतिकशास्त्राची वही उघडी होती. मी तिच्यावर पाइप टेकवून कानाला लावला.

"हो, मामा," मी म्हणाले.

"हां. तर आज सकाळी काय झालं..."