काकूचं सपाट माप

अमडापूरहून कार्ड आलं तेव्हा काकूची तेरवीही होऊन गेली होती. तिच्या भावानं लिहिलं होतं, त्रास काही झाला नाही. कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

वत्सलाकाकू माझ्या धाकट्या काकांची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती मेहकरला आमच्याच घरी राहिली. बाबा कचेरीत कारकून. दिवाळीला साहेबाच्या बंगल्यावर नानखटाईचा डबा जायचा, आणि खाली-वर निखारे ठेवून नानखटाई करावी ती काकूनंच. त्या डब्यावरच तिचा आमच्याकडचा मुक्काम टिकून होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आईची नानखटाई मात्र कोरडी होऊन तडकायची. कारण साधं होतं. आमच्या घरची रीत अशी की सवाष्णीनं माप भरायचं ते शीग लावून, काठाच्या वर रास येईल असं, सपाट भरणं अवलक्षण. विधवेच्या हातानं मात्र शीग लावायची नाही. आईच्या मापट्यात मैद्याचा डोंगर व्हायचा. काकू माहेरून आणलेलं पितळी मापटं हलक्या हातानं भरून वर सुरीची पाठ फिरवायची. पाहुणे म्हणायचे, वत्सलाबाईच्या हाताला गुण आहे. आई ते ऐकून घ्यायची...

मी मॅट्रिकला होतो त्या दिवाळीत आईनं तराजू मागवला. "वत्सला, तुह्यं माप आज तोलून पाहू."

"पाहा ना बाई," काकू म्हणाली.

काकूनं भरलेलं मैदा, साखर, तूप, एकेक माप तोललं गेलं, मग आईचं. आईच्या मापट्यात छटाकभर मैदा जास्त भरला. आता सपाट माप भरण्याचं अवलक्षणही नको आणि काकूही नको. तराजूला शीग नसते.

आईनं वजनावर नानखटाई केली. ती बिघडावी म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. नाही बिघडली. अगदी काकूसारखी खुसखुशीत झाली, साहेबालाही फरक कळला नाही. संक्रांतीच्या आत काकूची ट्रंक अमडापूरला गेली. मी बाबांशी भांडलो, तर म्हणाले, "भावाचं घर काही परकं हाय का?" आईबाबा दोघंही आता नाहीत, पण माझा राग अजून आहे.

मागच्या वर्षी तिला भेटलो. भावाच्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "काकू, तुले समजत होतं ना सारं? मंग त्या दिवशी मैदा दाबून काऊन नाही भरला?"

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "आलं होतं मनात... पण खानार तर तुमी लेकरंच होते ना, बापू."

कार्ड मिळाल्यावर मी अमडापूरला जाऊन आलो. तिच्या भावजयीनं मापटं माझ्या हाती दिलं, "आमच्या काय कामाचं," म्हणाली. नागपूरला घरी आल्यावर बायकोनं ते चिंचेनं लख्ख घासलं आणि सकाळी त्यात तांदूळ भरले, सवयीनं, काठाच्या वर. काकूच्या मापट्याला शीग लागलेली मी पहिल्यांदा पाहिली, ती काकू गेल्यावर.