आई कॉर्कला यायला नाही म्हणाली

मंडळी, आज सकाळीच फ्रान्सहून आयर्लंडला, कॉर्कला परतले. अंगात त्राण नाही, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

ल्योंच्या बाहेर एका शांत वस्तीत माझी ताई राहते. तिच्या बाळंतपणासाठी आई नागपूरहून आली आहे. तिथून पुढे माझ्याकडे यायला तिला तयार करावं, म्हणून मी वीकेंडला गेले होते.

काल दुपारी बाळ झोपल्यावर आई आणि मी फिरायला निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका फाटकाशी म्हातारी फ्रेंच बाई उभी होती. आईला बघताच तिने हात धरून आम्हाला आत नेलं, कॉफी दिली, आपल्या मुलीचा फोटो दाखवला आणि रडायला लागली. ती फ्रेंचमध्ये बोलत होती, आई मराठीत तिची समजूत घालत होती.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पोरगी दूर असते वाटतं तिची."

मी लगेच म्हटलं, "आई, आता कॉर्कला चल ना."

"तू हॉस्पिटलला ड्यूटीवर गेल्यावर मी कोणाशी बोलू? तिथंही असंच सामसूम असेल, नाही?"

खोटं बोलवेना. "हो गं," म्हटलं.

"मग मला नागपूरलाच जाऊ दे. तूच येत जा."

तिच्यासाठी आवरलेल्या खोलीत आत्ता मीच आडवी झालेय. उद्या पुन्हा ड्यूटी.

तुमचे आईबाबा इथे येतात, तेव्हा दिवसभर कुणाशी बोलतात? तुम्ही त्यांना कधी विचारलंय?