नळीत राहिलेली गोळी

काल संध्याकाळी कुरवंड्याच्या कड्यावर वारा एकदम पडला. गवत सरळ उभं राहिलं आणि माझं डोकं उठलं.

लोकांना अशा वेळी शांत वाटतं. मला परदेशातलं ते मैदान आठवतं, हजार यार्डांवरचं निशाण, ओल्या गवताचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास. सांघिक नेमबाजीत वारा नेमबाजाने बघायचाच नसतो. मागे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस वारा ओळखतो आणि तो म्हणेल तेव्हाच चाप ओढायचा. माझ्यामागे लोणावळ्याचे शिंदे सर बसले होते. संघाची शेवटची गोळी माझ्याकडे होती. ती मधोमध लागली तर पदक आमचं होतं.

"सर, मारू?"

"थांब. वारा पडू दे."

गालाखालचं लाकूड घामाने निसरडं झालं. मी पुन्हा विचारलं.

"थांब म्हणतोय ना!"

वारा दाखवणारे मैदानावरचे झेंडे फडफडतच राहिले आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. नळीतली गोळी मी काढून हातात घेतली, तोवर समोरचे सगळे झेंडे काठीला चिकटून लोंबत होते.

घरी आल्यावर आईने विचारलं, "येवढं लांब गेलतीस, आन् गोळी मारलीच न्हाई व्हय?"



आज कळतं, माझी गोळी वाया जाऊ नये म्हणूनच सर थांबले होते. वाऱ्याचा अंदाजही त्यांचा बरोबरच निघाला. तिथंच तर सगळा राग आहे. ते चुकले असते, तर मी केव्हाच माफ करून टाकलं असतं.