नवऱ्यामुलाची दुसरी गाडी

आधी हसून घ्या, मग सांगते. मध्येच हसलात तर मला रडू येईल, असा घोळ घातलाय मी!

मी गाड्यांची नोंदणी होते त्या सरकारी ऑफिसात आहे. भावाच्या मुलीसाठी, आमच्या मधुरासाठी, काचीगुड्याचं स्थळ आलं. मुलगा श्रीकांत. देखणा, चांगल्या नोकरीचा आणि मराठी चक्क धड बोलणारा! हैदराबादेत असा मुलगा म्हणजे लॉटरीच हो. पण चौकशी नको का करायला? तो नल्लकुंट्याला आमच्या घरी मुलगी बघायला आला, तेव्हा गॅलरीतून मी त्याच्या बाइकचा नंबर टिपला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घातला. कामाशिवाय कुणाची माहिती उघडायची नाही असा कायदा आहे, हे मला ठाऊक होतं. पण आत्याचं काळीज कायदा ऐकतं का?

बघते तर काय, त्याच्या नावावर आणखी एक गाडी! लेडीज स्कूटर. गुलाबी! म्हटलं, ही कुणा पोरीसाठी घेतली यानं?

रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो. सुपारी फोडायची होती. श्रीकांतची आई आग्रहानं भजी वाढतेय, मधुरा लाजतेय, आणि माझ्या जिभेला काही धीर धरवेना.

"काय श्रीकांतराव, ती गुलाबी स्कूटर कुणाची?"

त्याच्या आईचा हात थांबला. "कुठली स्कूटर? आमच्या घरात नाही बा!"

"तुमच्या लेकाच्याच नावावर आहे की. नवीकोरी!"

"श्रीकांत! कोण आहे रे ती पोरगी?"

"हौ, सांगा ना," मी आगीत तेल ओतलं. "कोण आहे?"

श्रीकांतनं कपाळावर हात मारला. "आई, तूच आहेस ती! तुझ्या वाढदिवसाला देणार होतो. दोस्ताकडे लपवून ठेवलीय."

माउलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला हायसं वाटलं, मी भजं उचललं. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"पण आत्या, तुम्हाला कसं कळलं?"

मी भजं परत बशीत ठेवलं.

"ऑफिसात बघितलंत ना? मी कंप्लेंट केली तर नोकरीवर येईल तुमच्या, मालूम है ना?"

"आत्या, तू यांची माहिती काढलीस?" मधुरा लाजायचं विसरून ओरडली. "अगं, मला यांच्याशीच लग्न करायचंय!"

श्रीकांत गालातल्या गालात हसला. "मग कंप्लेंट कॅन्सल."

मी सगळ्यांसमोर कान धरले. देवाशप्पथ सांगितलं, यापुढे कुणाच्या माहितीला हात लावणार नाही. सुपारी फुटली एकदाची, जीव भांड्यात पडला.

कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर विहीणबाई मागोमाग आल्या. हळूच दार लोटलं.

"ताई, आमच्या धाकटीला एक स्थळ सांगून आलंय. मुलगा मोठ्या कारमधून फिरतो, म्हणतो स्वतःची आहे. तेवढं जरा बघता का?"

मी ताठ उभी राहिले. शपथ आठवली, कायदा आठवला, नोकरी आठवली. ठामपणे नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघावं?

"नंबर आहे का?"